काढलं की भरायचं

टप्. टप्. टप्.

धाकट्याला पाळण्यात निजवून ओदिल नुकतीच मागे सरली होती, तेवढ्यात जेवणघरातून हा आवाज आला. ती चवड्यांवर धावत गेली. मेजपोशाच्या कडेवरून तांबूस थेंब फरशीवर पडत होते. पण मेजावरची वाइनची सुरई गळ्यापर्यंत भरलेली होती. तिचा जीव भांड्यात पडला. शेजारी पाच वर्षांची फ्लोर ओले मोजे घालून फारच सज्जनपणे उभी होती. ओदिलने मेजपोश फिरवून अंथरला. विचारायचं राहिलंच, कारण दाराशी गाडी थांबली.

सुरईतली वाइन सासऱ्यांची होती. गाल्द्रिक वर्षातून एकदाच तळघराचं कुलूप काढत, सर्वांत जुन्या पिंपातून एक सुरई भरत आणि तेवढीच नवी वाइन पिंपात वरून ओतत. नातीला बजावत, "काढलं की भरायचं. पिंप अर्धवट राहिलं की रुसतं."

ओदिलची पहिलीवहिली वाइन मात्र अंगणात काचेच्या बुधल्यांत मुरण्यासाठी ऊन खात होती. गाल्द्रिकनी ती एकदाच चाखली होती. "पोरकट आहे. नुसती द्राक्षं ओरडतायत." आज संध्याकाळी व्हिनेगरवाला ते बुधले उचलायला येणार होता.

गाडीतून उतरल्या त्या पेर्पिन्याँ शहरातल्या एका हॉटेलासाठी वाइन निवडणाऱ्या मॅडम विदाल. दरवर्षी त्या बान्यूल्स गावातल्या या घरी येत, चॉकलेटच्या केकबरोबर एक घोट घेत आणि तेच सांगत, "वाइन उत्तम, गाल्द्रिक. पण केक तिला गिळून टाकतो. निळ्या चीजबरोबर द्या की."

"केक माझ्या बायकोचा, वाइन माझी," गाल्द्रिक म्हणत. "चाळीस वर्षं तिने मला गिळलंच आहे. जोडी मोडणार नाही."

केक कापला गेला. पेले भरले. तेवढ्यात फ्लोरने पदर ओढावा तसा आईचा अॅप्रन ओढला.

"आई, सांडलं होतं. पण मी भरून ठेवलं."

"कशाने?" ओदिल कुजबुजली.

"आपल्या बुधल्यातल्याने. बुधल्याच्या नळीला लावलेली चिमटी काढली आणि माझ्या खेळातल्या किटलीने आणलं. काढलं की भरायचं ना?"

ओदिल घाईने पुढे झाली. "मॅडम, जरा थांबा–"

पण मॅडम विदालनी घोट घेतला होता. मग केकचा तुकडा. मग पुन्हा घोट. त्यांनी पेला उजेडाकडे धरला.

"पुन्हा ओता," त्या म्हणाल्या.

गाल्द्रिकनी ओतलं. स्वतःही चाखलं. त्यांची एक भुवई वर गेली, ती तिथेच राहिली. त्यांनी ओदिलकडे पाहिलं, मग फ्लोरच्या मोज्यांकडे, मग खिडकीतून अंगणात. सर्वांत छोट्या बुधल्यातली वाइन थोडी खाली उतरलेली होती.

"यंदा केकने हिला गिळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दोघं बरोबरीने बोलतायत. काय केलंत?"

खरं सांगावं तर म्हाताऱ्याची मान खाली जाते. गप्प बसावं तर बुधले व्हिनेगरला जातात. ओदिलने तोंड उघडलं.

"घरात लहान मूल असलं की घरातलं सगळंच थोडं तरुण होतं," गाल्द्रिक शांतपणे म्हणाले.

"मला हीच हवी. नाताळच्या जेवणाला. पण अगदी हीच, थेंबाचाही फरक नको."

"अगदी हीच," गाल्द्रिक म्हणाले आणि त्यांना गाडीपर्यंत पोचवून आले.

परत आले ते थेट ओदिलसमोर उभे राहिले. "व्हिनेगरवाल्याला फोन कर. सांग, म्हाताऱ्याने शब्द फिरवला. आणि पोरी..." ते जरा खाकरले. "अजूनही ओरडतेच ती तुझी वाइन. पण केकपुढे कुणीतरी ओरडायला हवंच होतं."

ओदिलचे डोळे भरून आले. तिने ते अॅप्रनला टिपले.

गाल्द्रिक मात्र गुडघे धरत नातीपुढे उकिडवे बसले. "आता फ्लोरबाई, आठवून सांगा. सांडलं किती होतं? आणि किटल्या किती ओतल्यात?"

फ्लोरने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मोठ्या विश्वासाने आईकडे मान वळवली.

"आई, मी किती ओतलं होतं गं?"