जडसंग्रहातली बारा कासवं

समुद्र जितका लांब असेल तितका त्याचा विचार शांतपणे करता येतो. हे तत्त्व मान्य करूनच, बंदरांवरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना मदत करणारा 'हरित सीमा सहाय्य कक्ष' अमरावतीत उघडण्यात आला. काम उदात्त होतं. देशातून बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या मालात नको त्या गोष्टी लपवलेल्या असतात: पोपट, चंदन, हस्तिदंत, ओझोनचा थर खाणारा फ्रीजचा गॅस, औषधी मुळी म्हणून खपवलेले घोरपडीचे अवयव. अधिकारी कागद वाचण्यात तरबेज असतो. पण पेटी उघडल्यावर समोर आहे ते काय, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्यानं फोटो पाठवायचा आणि कक्षानं सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं, अशी सोय होती.

कक्षात तीन माणसं. प्रमुख रागिणी मॅडम (शिक्षण: वाणिज्य), लिपिक कुलदीप (शिक्षण: चालू आहे) आणि शिपाई चंद्रभान मेहरे. चंद्रभान चांदूर रेल्वेजवळच्या माळ्याच्या घरातला. पानं, मुळ्या, पाखरं, सरपटणारं सगळं त्यानं लहानपणीच हाताळलेलं. बायको कौशल्या अजूनही हातगाडीवर भाजी विकायची. थोडक्यात, कक्षात आलेली वस्तू नजरेनं ओळखू शकेल असा तो एकटाच होता. पण शिपायाच्या कर्तव्यसूचीत ओळखणं बसत नव्हतं, म्हणून त्याला कोणी विचारत नसे.

मॅडम आणि कुलदीप पुस्तिकेवरून ओळखत. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'पान १४ वरचा पोपट व पान १५ वरचा पोपट यांतील फरक रंगावरून ओळखावा.' पुस्तिका काळी-पांढरी होती (रंगीत छपाईचा प्रस्ताव विचाराधीन आहे). त्यामुळे कक्षानं एक ठरीव उत्तर तयार केलं होतं: 'सदर वस्तू संवेदनशील असू शकते, नसल्यास तसे समजावे.' पहिल्या वर्षात अशी ३१६ उत्तरं गेली आणि त्यातलं एकही चुकीचं ठरलं नाही.

मग मे महिन्यात अकोल्याहून खोका आला. तिथल्या एका कुरिअर गोदामात तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यानं फोटो काढायचा कंटाळा केला आणि खोकाच धाडून दिला. त्यावर लिहिलं होतं, 'हस्तकला, लाकडी वाट्या, नग बारा, बँकॉक.' प्रत्येक वाटी चिकटपट्टीनं गुंडाळलेली. मॅडमनी पुस्तिकेत 'वाटी' शोधली. सापडली नाही. चंद्रभाननं मात्र खोक्याला कान लावला, खिशातल्या चाकूनं हलक्या हातानं पट्ट्या कापल्या आणि वाट्या फरशीवर पालथ्या ठेवल्या.

"मॅडम, वाट्या चालून राहिल्या."

"चालून म्हणजे?"

"म्हंजे पायानं."

ती चांदणी कासवं होती. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आणि आत जेमतेम जीव. प्रवासात पाण्याचा थेंब नाही मिळालेला. चंद्रभाननं ताटलीत पाणी ठेवलं. एकेकानं मान काढली आणि प्यायला लागलं, तेव्हा तो फरशीवर मांडी घालून बसून राहिला, साहेब लोकांसमोर आपण बसलो आहोत हे विसरून.

आता कासवं वन खात्याकडे द्यायची, इतकं सरळ काम होतं. पण सोबत ओळख पटल्याचं प्रमाणपत्र जोडणं भाग होतं, आणि असं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार याच कक्षाला. म्हणून कक्षानं कक्षाला रीतसर पत्र लिहिलं. (पत्र पोहोचायला दोन दिवस लागले, जावकचं टेबल आणि आवकचं टेबल वेगवेगळ्या भिंतींना होतं.) त्यानंतर सात कामकाजी दिवस. मग एक त्रुटी निघाली आणि पुन्हा सात.

तोवर कासवांची नोंद कुठे करायची? कार्यालयात एकच वही होती, खुर्च्या-टेबलांची जडसंग्रह नोंदवही. कुलदीपनं लिहिलं: वर्णन, कासव. नग, बारा. ठेवण्याचे ठिकाण, बदलते. टिकण्याचा अंदाजे कालावधी, पन्नास वर्षे. हा शेवटचा आकडा पाहून मॅडमना समाधान वाटलं. कार्यालयातली एकही खुर्ची इतकी टिकाऊ नव्हती. कपाटाची किल्ली चंद्रभानकडे असल्यामुळे 'रक्षक' या रकान्यात त्याचं नाव पडलं.

चंद्रभान रोज सकाळी कौशल्याच्या गाडीवरून शेवग्याचा पाला, काकडी आणि दारातल्या जास्वंदीची पानं न्यायचा. एका कासवाच्या कवचाची कड जरा तुटलेली होती. ते त्याच्या चपलेचा आवाज ओळखून कपाटाखालून यायचं. हा प्रकार त्यानं घरी सांगितला तेव्हा कौशल्या म्हणाली, "मी हाक मारतो तं तुमाले आयकू येत नाई, अन् कासवाले तुमची चप्पल आयकू येते!"

पाच जूनला पर्यावरण दिन आला. कक्षानं शहरातल्या निसर्गप्रेमींचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक वामनराव यांना व्याख्यानाला बोलावलं. ते पन्नास मिनिटं बोलले. माणसाच्या हव्यासानं सृष्टीचा नाश कसा होतो, हे सांगताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. ऐकणाऱ्या तिघांपैकी दोघांनी डोळे मिटले होते. नंतर कासवं पाहून त्यांनी नमस्कार केला, ती खातात काय ते चंद्रभानला विचारलं, भेट मिळालेली कापडी पिशवी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कासवं अकरा भरली. तुटक्या कडेचं नव्हतं.

चंद्रभाननं कपाटं सरकवली, कूलरची टाकी उपसली, मागच्या नालीत हात घातला. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "सोमवारी पडताळणी पथक येतंय, चंद्रभान. एक नग कमी म्हणजे तुमची चौकशी. निलंबनसुद्धा होऊ शकतं. निवृत्तीला चार वर्षं राहिली ना तुमची?"

कुलदीपनं सुचवलं की कमी भरलेला नग 'नैसर्गिक झीज' म्हणून दाखवावा. किंवा बाजारात पितळेची कासवं मिळतात. वहीत धातूचा उल्लेख नाही.

"मले पितळेचं नाई पायजे," चंद्रभान म्हणाला. नोकरीपेक्षा त्याला दुसरीच गोष्ट छळत होती: कुठेतरी कोणाच्या तरी चपला वाजत असतील आणि ते मान काढून पाहत असेल.

तीन दिवस तो नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी दुपारी कौशल्या गाडी लावून आली आणि सहज म्हणाली, "आज नवलच झालं. थ्या वामनराव गुरुजीची ललिताबाई, फुकटच्या कढीपत्त्यासाठी भांडनारी बाई, शेवग्याचा पाला घेऊन राह्यली रोज. आज तं म्हने जास्वंदीची पानं आन. म्या म्हनलं फुलं देवाले लागते, पानं काहून? तं लगबगीनं आत गेली."

चंद्रभान उठला, चप्पल अडकवली आणि सायकल काढली.

वामनरावांच्या दारावर पाटी होती, 'झाडे लावा'. देवघरात पितळी परात, परातीत चार बोटं पाणी आणि पाण्यात ते कासव. पाठीवरच्या एकेका चांदणीत हळदी-कुंकू भरलेलं. पाण्याबाहेर यायला ते परातीच्या कडेला नखं घासत होतं.

"गुरुजी, हे कोरड्यातलं कासव हाय. पान्यात मरते थे."

वामनराव क्षणभर गोंधळले, पण वक्ता म्हणजे वक्ता. "हे बघ चंद्रभान, मी काही ते नेलं नाही. ते माझ्या पिशवीत आलं. जीव स्वतःहून घराकडे येतो तेव्हा त्याला नाकारणं ही हिंसाच." (पिशवी कापडी होती. त्यांनी प्लास्टिक वापरलं नाही, एवढं मान्य करावं लागेल.)

"माही नोकरी जाते गुरुजी."

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. नातवाचा निकाल लागू दे. कासव घरी असलं की बरकत राहते. ललिताला तसं कोणी तरी सांगितलंय." ललिताबाईंनी पदर सावरला, त्यांना ते वामनरावांनीच सांगितलं होतं.

चंद्रभान आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलला नव्हता. पण वर्षभर त्यानं कार्यालयातले कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले होते, आणि त्यातलं काही अंगात मुरलं होतं. तो हात जोडून, अत्यंत नम्रपणे म्हणाला, "ठीक हाय गुरुजी. ठेवा तुमी. फक्त मले नोंद करा लागते. वहीत 'ठेवण्याचे ठिकाण' म्हनून हे घर लिवतो. मंग हे देवघर, परात, हे खोली, सारं जडसंग्रहात येते. दाराले लाल शिक्का लागते. दरसाल पथक येऊन मोजून जाईन. कालावधी पन्नास वर्षं हाय." जरा थांबून त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "घरात मानसं किती, गुरुजी? नग लिवा लागतीन."

वामनरावांनी परात स्वतःच्या हातानं उचलून त्याच्यापुढे धरली.

चंद्रभाननं कासव पुसलं, टोपीत ठेवलं आणि एका हातानं सायकल चालवत आणलं. वाटेत त्यानं दोनदा थांबून पाहिलं. दुसऱ्या वेळी कासवानं मान काढली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून इतका हसला की एका जीपवाल्यानं विचारलं, "काय झालं, काका?"

सोमवारी पथकानं बारा नग मोजले. एका नगावर कुंकवाचा अंश आढळला. 'रंगकाम समाधानकारक' असा शेरा मिळाला. बुधवारी प्रमाणपत्र झालं, वन खात्याची गाडी आली आणि कासवं आपल्या मूळ रानाकडे रवाना झाली. त्या संध्याकाळी चंद्रभान कार्यालय बंद करताना उगाचच दोनदा चप्पल वाजवत आतून फिरून आला. कपाटाखालून काही आलं नाही. ते बरंच झालं, असं तो कौशल्याला म्हणाला, आणि जेवण अर्धं टाकून उठला.

वर्तमानपत्रात दहा ओळींची बातमी आली. कासवं तस्करीतून वाचली, हे त्यात होतं. ती कार्यालयात होती त्याच दिवसांत मॅडमना बढती मिळाली आणि कुलदीपचं पाच वर्षं अडलेलं लग्न जमलं, हेही बातमीदारानं शेवटच्या ओळीत सहज घातलं होतं.

आठ दिवसांत कक्षाला २१३ फोन आले. चौघांनी अभिनंदन केलं. एकाला गॅस एजन्सी हवी होती. उरलेल्या २०८ जणांनी, त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, दोघे पर्यावरण हा विषय शिकवणारे होते, आवाज खाली आणून एवढंच विचारलं की एखादं उरलं असेल तर. कुलदीपनं सगळ्यांची नावं-पत्ते लिहून घेतले. चोरट्या व्यापाराची मागणी नक्की कुठून येते, याची इतकी भरवशाची यादी देशात आजवर झाली नव्हती. ती सर्व बंदरांना पाठवण्यात आली आहे.

वाचकांनी घाबरू नये. यादीत फक्त फोन करणाऱ्यांची नावं आहेत. बढतीची आणि लग्नाची ओळ वाचून जे फक्त क्षणभर थांबले, आणि आपल्या घरात परात कुठे मावेल याचा मनातल्या मनात अंदाज घेऊन पुढे वाचू लागले, त्यांच्यासाठी वहीत अद्याप रकाना नाही. मॅडमनी तो मंजुरीसाठी पाठवला आहे.