शीतपेटीत वारा खेळविल्याची हकीकत

प्रथम कुलस्वामिनीस नमन. मग वाचणारांस विनंती ऐसी जे, मोहीम लहान म्हणोन हसू नये. पेटी अवघी दोन हात उंच, परंतु तिजपायी एका बाईचा प्रवास अडला होता.

शके १९४६, माघ वद्य तृतीयेस नायगाव मुक्कामी सर्व स्वस्थ होते. वीजखात्यातून निवृत्त जाहलेले राजमान्य राजश्री जयवंतराव इमारतीचे आवारात आपल्या चाकांच्या महालात बसोन होते. महाल म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. ती कामणच्या गॅरेजात दोन वर्षे ठाकठीक करोन तीत पलंग, शेगडी आणि बॅटरीवर चालणारा लहान फ्रिज ऐसा सरंजाम भरिला होता. मसलत ऐसी की पत्नी द्वारकाबाई यांस वेंगुर्ल्यास त्यांचे भगिनीकडे, वाटेत मुक्काम करीत, रमतगमत न्यावे. द्वारकाबाईंस मधुमेह. इन्सुलिनची रसद थंड राहील तर स्वारी निघणार, नाही तर नाही. आणि शीतपेटी फितूर. मागले अंगास शून्याखाली, दाराशी चौदा अंश. मागे काकडी गोठे आणि पुढे दूध नासे, आणि इन्सुलिनास दोन्ही वर्ज्य.

जयवंतराव तापमापक घेऊन सायंकाळपर्यंत झुंजले. धाकटी कन्या मीराबाई, जिचे हातची ही हकीकत, भाजी आणावयास खाली उतरली होती. तिने महालाच्या खिडकीतून, "बाबा, बर्फाचा डबा घ्या आणि सुटा," ऐसे फर्मान सोडिले आणि निघोन गेली. जयवंतराव हसले. रात्री पिठलं-भात जाहला. दुसरे दिवशी पहाटे हृदयाने दगा दिला आणि जयवंतराव कैलासवासी जाहले.

पुढे दोन महिने महालावर धूळ बसली. मग चैत्रात एके सकाळी चहा गाळता गाळता द्वारकाबाईंचा हुकूम सुटला, "गाडी विकायची नाही. मला ताईकडे जायचंय. तू चालव."

मीराबाईने अर्ज गुजारिला जे, रेल्वे आहे, बस आहे, विमानही चिपीस उतरते.

"मग तू जा विमानाने. मी गाडीने येते."

अर्ज नामंजूर जाहला.

तेव्हा मीराबाईने कंबर बांधिली. ग्रंथ पाहिले, इंटरनेटावरील जाणत्यांचे लेख पाहिले, आणि मर्म हाती लागले की पेटीत थंडीचा तुटवडा नाही, थंडी एके ठायी दबा धरोन बसते, तीस फिरती ठेवावी. मग माळ्यावरील मृत संगणकाचे पोटातून बारा व्होल्टांचा पंखा काढिला, तो बॅटरीस जोडोन मागल्या भिंतीशी तैनात केला. पंख्याने गर्जना उत्तम केली. तासाने तापमापक पाहिला, तो मागे उणे एक, दाराशी बारा. पहिली चढाई फसली.

मग दुसरी चढाई गर्दीवर. द्वारकाबाईंनी पेटीत बोट शिरेल इतकीही फट ठेविली नव्हती. खोवलेला नारळ, भिजवलेल्या डाळी, तीन बरण्या लोणचे.

"आई, लोणच्याला फ्रिज कशाला?"

"उन्हाळा आहे."

"लोणचं उन्हाळ्यातच घालतात ना?"

"घालतात. ठेवायचं कुठे ते माझं मी बघते."

बहुत वाटाघाटी होऊन दोन बरण्या बाहेर आल्या, मागे मूठभर जागा मोकळी जाहली आणि तापमापकाने एक अंशाची खंडणी दिली. मीराबाई नामोहरम होऊन पायरीवर बसली.

ऐसे समयी पाचूबंदराहून एलिसाबाई मासळीची पाटी घेऊन पातल्या. यांचा या घरी वीस वर्षांचा राबता. त्यांनी उघड्या पेटीत मान घातली आणि बाहेर काढिली.

"मीरा, जालीवर कागद कोनी घातला गो?"

खरेच होते. पेटीच्या तिन्ही जाळ्यांवर गतवर्षीचे कॅलेंडर मापात कापोन अंथरिले होते, त्यावर फुलाफुलांचे प्लास्टिक. घरोघरी कपाटास, मांडणीस, फ्रिजास ऐसेच अंथरतात, म्हणोन मीराबाईच्या नजरेस ते कधी दिसलेच नव्हते.

"थंडावा खाली उतरनार कुठून? आमी पाटीला भोकं ठेवतो ती काय हौस म्हनून?"

"डाग पडतात जाळीला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"डाग पुसता येतो, वयनी. औषध नासलं तर काय पुसशील?"

द्वारकाबाईंनी माघार घेतली, ही गोष्ट या घराण्यात अपूर्व. मग पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "त्यांनी दोनदा काढला होता. मी दोनदा परत घातला."

"का काढतात ते विचारलं नाहीस?" मीराबाई म्हणाली.

"सांगितलं होतं की. म्हणाले, वाऱ्याला वाट पाहिजे. मी म्हटलं, वारा पाहिजे तर किल्ल्यावर जाऊन बसा."

"आनि बसले?" एलिसाबाईंनी पुसिले.

"बसले. येताना वडे घेऊन आले."

तिघी हसल्या, आणि मग कोणी डोळे पुसले ते नमूद करण्याचे प्रयोजन नाही. द्वारकाबाईंनी स्वहस्ते कागद ओढोन काढिले, प्लास्टिक काढिले, आणि जाळ्या मोकळ्या जाहल्या. पंखा पुन्हा सुरू केला. या खेपेस वारा मागून निघोन वर चढला आणि दारावरून उतरोन जाळीजाळीतून फिरला. तीन दिवस, भर दुपारच्या उन्हात, बस आवारात उभी ठेवोन परीक्षा केली. मागे तीन अंश, दाराशी पाच.

येणेप्रमाणे शके १९४७, वैशाख शुद्ध पंचमीस शीतपेटी सर जाहली. इन्सुलिन मधल्या जाळीवर दाखल जाहले. कुमक एलिसाबाईंची, त्याग द्वारकाबाईंचा, मसलत मुळात जयवंतरावांची. फत्तेची नोंद केली असे.

निघते सकाळी द्वारकाबाई खाली शेजारणींचा निरोप घेत होत्या. मीराबाई आत एकटी. तिने औषध पाहावयास पेटीचे दार उघडिले. दार उघडोन ताबडतोब लावावे हा नियम तिचाच, तो तिने मोडिला. गार वारा तोंडावर येत राहिला. मग ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई दोघंच जाणार म्हणालात, म्हणून मी 'बर्फाचा डबा घ्या आणि सुटा' म्हणाले. मलाही न्या, एवढंच म्हणायचं होतं."