कंदीलकुमार, विहीर आणि तीन फेऱ्या

मुलांनो, कल्पना करा की तुमच्यासमोर एक दार आहे. डोळे मिटून करू नका; मिटलेत तर पुढचं वाचता येणार नाही. दार लाकडी आहे, बंद आहे आणि त्याच्या पलीकडे काहीतरी छान आहे. आता बंद दाराशी माणसाने काय करावं, याबद्दल जगात दोन मतं आहेत. एक मत असं, की आपल्याआधीचे लोक जसे आत गेले, तसंच आपणही जावं. दुसरं असं, की आपल्याआधीचे लोक जसे गेले, तसं काही झालं तरी जाऊ नये. दोन्ही मतांचे लोक अत्यंत सज्जन असतात. आणि दोन्ही मतांचे लोक दाराबाहेरच असतात.

आपलं हे दार एका व्हिडिओ गेममधलं आहे. गेमचं नाव 'कंदीलकुमार'. गोष्ट साधी आहे. कुमार सकाळी उठतो आणि बघतो तर गावची नदी चोरीला गेलेली. मग तो कंदील उचलतो, डोंगर, गुहा, पडके किल्ले पालथे घालतो आणि नदी परत आणतो. खेळ संपतो. काही वर्षांनी पुढचा भाग निघतो, कुमार सकाळी उठतो आणि नदी पुन्हा चोरीला गेलेली असते. असं अकरा वेळा झालं आहे. (नदीवर पहारा का बसवत नाहीत, असा प्रश्न एकाने एकदा विचारला होता. 'मालिकेच्या मूळ भावनेशी विसंगत' म्हणून तो कामकाजातून वगळण्यात आला. विचारणाराही नंतर दिसला नाही.)

कामकाज म्हणजे 'कंदीलकुमार रसिक मंडळा'चं. हे मंडळ दर रविवारी दुपारी एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, चष्मेवाल्यांच्या बैठकीच्या खोलीत भरतं. खोलीत एक टीव्ही, एक गेमचं यंत्र, एक लांब सोफा आणि बाकी सगळ्या एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आहेत. सोफ्यावर परंपरा पक्ष बसतो. नवता पक्ष समोरच्या खुर्च्यांवर बसतो. ही बसण्याची जागा नवता पक्षाने स्थापनेपासून एकदाही बदललेली नाही.

परंपरा पक्षाचे प्रमुख आणि मंडळाचे अध्यक्ष स्वतः चष्मेवाले. दिवसभर लोकांना 'आता नीट दिसतंय का?' असं विचारणारा हा शांत माणूस कंदीलकुमारचा विषय निघाला की लाल होतो. पहिल्या भागात जे होतं, तेच खरं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या भागात कुमारची टोपी हिरवी होती. पाचव्या भागात ती निळसर झाली, तेव्हा चष्मेवाल्यांनी आठवडाभर जेवताना कोणाशी बोलणं टाळलं. (घरच्यांनी तो आठवडा छान गेल्याचं नमूद केलं आहे.)

नवता पक्षाच्या प्रमुख म्हणजे समोरच्या गल्लीत पडदे शिवणाऱ्या बाई. त्यांना सगळे पडदेवाल्या ताई म्हणतात. ताईंना सातवा भाग सर्वांत प्रिय, कारण सातव्या भागात सगळंच नवीन होतं: कुमार पोहू लागला, भिंती चढू लागला, छपरावरून आत उतरू लागला. तेव्हापासून ताईंची ठाम मागणी आहे, की प्रत्येक नवा भाग नवा असावा, आणि तो सातव्या भागासारखाच नवा असावा. आठव्या भागाने वेगळ्या पद्धतीने नवं होण्याचा प्रयत्न केला. ताईंनी त्याला 'नवतेच्या परंपरेचा अपमान' असं म्हटलं आणि सोफ्यावरच्या लोकांनीही, चुकून, टाळ्या वाजवल्या.

दोघांच्या मधोमध, स्टुलावर, दंतवैद्य बसतात. ते तटस्थ आहेत. कोणताही निर्णय दोन्ही बाजूंना सारखाच दुखला पाहिजे, एवढंच ते बघतात.

आता भांडणाचं मूळ. पहिल्या भागात सुरुवातीलाच एक दार लागतं. तेच, आपलं लाकडी. दारासमोर विहीर आहे. दार उघडायचं तर कुमारने विहिरीला तीन फेऱ्या मारायच्या. गेममध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही. पण चष्मेवाल्यांना ते त्यांच्या थोरल्या भावाने शिकवलं, भावाला त्याच्या मित्राने, आणि मित्राला कोणी शिकवलं, हे विचारण्याची पद्धत नाही. तीन फेऱ्या मारल्या की दार करकर वाजत उघडतं. आजवर असं कधीही झालं नाही की फेऱ्या मारल्या आणि दार उघडलं नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणत्याही शास्त्राकडे नसेल.

परंपरा पक्ष या फेऱ्यांना मालिकेचा आत्मा मानतो. नवता पक्ष त्यांना मालिकेच्या पायातली बेडी मानतो. फेऱ्यांच्या बाजूने मंडळात आजवर झालेली भाषणं आणि विरुद्ध झालेली भाषणं एकामागे एक लावली, तर तेवढ्या वेळात अकराही भाग दोनदा खेळून होतील. पण मंडळात खेळायला वेळ कोणाला आहे?

अशा या घरात सुट्टीसाठी खारू आली. खारू म्हणजे चष्मेवाल्यांची भाची. तिचं खरं नाव तिच्या शाळेला माहीत आहे. घरी ती एका जागी बसत नाही म्हणून खारू. ती येण्याच्या आदल्याच दिवशी कंदीलकुमारचा बारावा भाग बाजारात आला होता आणि मामांनी तो रांगेत उभं राहून आणला होता. सीडीचा डबा टीव्हीवर ठेवलेला होता. प्लॅस्टिकचं वेष्टन शाबूत.

"मामा, लावूया ना!" खारू म्हणाली. तिच्या घरी असलं यंत्र नव्हतं.

"तसं नाही लावता येत, बाळ. आधी ठरवावं लागतं."

"काय?"

"हा खरा कंदीलकुमार आहे की नाही ते."

"मग खेळून बघूया ना, कळेल!"

मामांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. मंडळाचा ठराव याबाबत स्पष्ट होता: निर्णय होईपर्यंत कोणाही सदस्याने बारावा भाग उघडू नये, कारण खेळल्यामुळे मत कलुषित होतं. न खेळता बनवलेलं मतच निखळ असतं. दहाव्या भागाच्या वेळी एका सदस्याने गुपचूप खेळून घेतलं होतं. त्याला खेळ आवडला. तेव्हापासून त्याच्या मताला वजन राहिलं नाही.

"मग कधी ठरेल?"

"रविवारी बैठक आहे."

"कुठल्या रविवारी?"

हा प्रश्न मात्र मंडळाच्या कक्षेबाहेरचा होता.

सुट्टी पुढे सरकत राहिली, रविवार येत-जात राहिले, वेष्टन शाबूत राहिलं. खारू रोज डबा हातात घ्यायची, मागचं चित्र बघायची आणि परत ठेवायची. चित्रात कुमार एका उंच कड्यावर उभा होता, आणि खाली, खूप खाली, नदीच्या जागी कोरडी वाळू होती. तिला एवढंच हवं होतं, की त्या कड्यावर आपण एकदा उभं राहावं. मामीला तिची दया आली.

"अहो, पोर किती दिवस नुसतं खोकं बघत बसणार?" मामी म्हणाली. "निदान जुना तरी खेळू द्या तिला."

"पहिला भाग खेळू दे. पाया पक्का होईल," मामा म्हणाले आणि स्वतः शेजारी बसून त्यांनी तिला फेऱ्या शिकवल्या. "सावकाश. घाई नाही करायची. विहिरीकडे बघत फिरायचं. एक... दोन... ती... न. बघ!" दार करकर वाजत उघडलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चष्मा पुसू लागले. त्यांच्याकडे चष्मे पुसायची कापडं भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात असताना खारू एकटीच खेळायला बसली. कुमारला तिने दारासमोर उभं केलं आणि तेवढ्यात तिला तहान लागली. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, मामीशी दोन शब्द बोलली आणि परत आली. दार उघडं होतं.

मुलांनो, इथे मोठा माणूस असता तर त्याने दार लावून घेतलं असतं. खारूने गेम बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा कुमारला उभं केलं आणि या वेळी हात मांडीवर ठेवून नुसती बसली. थोडा वेळ गेला. दार करकर वाजलं आणि आपोआप उघडलं. ते दार मुळात तसंच होतं. कोणी समोर आलं की जरा वेळाने उघडणारं. वाट बघण्याचा कंटाळा येऊन कोण्या एका मुलाने, पूर्वी कधीतरी, विहिरीभोवती फिरायला सुरुवात केली होती, एवढंच.

सुट्टीतला शेवटचा रविवार उजाडला. संध्याकाळी पाच वाजता खारूचे बाबा तिला न्यायला येणार होते. सोमवारी शाळा. तीनच्या सुमारास मंडळ भरलं, मामी चहा घेऊन आली, आणि पडदेवाल्या ताई बोलायला उभ्या राहिल्या. "या फेऱ्यांच्या गुलामगिरीतून कुमारला मुक्त करणं..." एवढ्यात खारू म्हणाली, "पण ते दार आपोआप उघडतं."

"काय?"

"फेऱ्या नाही मारल्या तरी उघडतं. मी बघितलं. पाणी पिऊन आले तर उघडं."

सोफ्यावरच्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग खुर्च्यांवरच्यांनीही पाहिलं. तुम्हाला वाटेल, ताईंना आनंद झाला असेल. पण विचार करा: ज्या बेडीविरुद्ध बाई इतकी वर्षं लढल्या, ती मुळात नव्हतीच, असं कोणी सांगितलं तर त्यांनी राहिलेल्या रविवारांचं करायचं काय?

"लहान आहे," ताई म्हणाल्या. "नजरचूक झाली असेल."

"माझी भाची आहे, नजर उत्तम आहे तिची," मामा म्हणाले. दुकानाच्या इज्जतीचा प्रश्न होता. "पण ती पाणी प्यायला गेली, तेव्हा यंत्राला धक्का लागला असणार."

"दुसऱ्यांदा मी इथेच बसले होते," खारू म्हणाली.

"मग दाराला सवय झाली असेल," दंतवैद्य म्हणाले. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या.

आणि मग मंडळाच्या इतिहासात प्रथमच एक चमत्कार घडला. परंपरा आणि नवता एका बाजूला आल्या. 'सदर दार आपोआप उघडत नाही' असा ठराव मामांनी मांडला आणि ताईंनी त्याला अनुमोदन दिलं. दोघांनी एकमेकांकडे ज्या मायेने पाहिलं, ती पाहून मामीने चहाचा ट्रे खाली ठेवला. अडलं ते फक्त शब्दांवर. ताईंना 'अद्याप उघडत नाही' हवं होतं, मामांना 'कधीही उघडलेलं नाही'. यावर साधकबाधक चर्चा सुरू झाली. घड्याळात चार वाजून गेले होते.

खारूने मामांचा सदरा ओढला. "मामा, मी मंडळाची सदस्य आहे का?"

"नाही गं. आपल्याकडे नियम आहे. किमान चौथा भाग पूर्ण खेळलेला पाहिजे, आणि नवव्या भागाबद्दल काहीतरी तक्रार पाहिजे."

"माझी काहीच तक्रार नाही."

"तेच ना. कसं होणार मग तू सदस्य?"

"मग वेष्टन न फोडायचा ठराव मला लागू आहे का?"

मामा नियमाचे माणूस. त्यांनी छताकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात ठराव पुन्हा वाचला. "नाही," ते म्हणाले. आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो.

तोवर वेष्टन फुटलं होतं.

टीव्हीवर सकाळ झाली. कुमार उठला. नदी चोरीला गेलेली होती. टोपी हिरवी होती. सोफ्यावरून एक हुंदका आला. कुमार भिंतीवर चढू शकत होता. खुर्च्यांवरून दुसरा आला. खारू त्याला पळवत पळवत, धडपडत, एका उंच कड्यावर घेऊन गेली, आणि तिथे तो खाली कोरड्या वाळूकडे बघत क्षणभर उभा राहिला. तिला हवं होतं ते मिळालं. ती हसली. कड्याच्या टोकाला एक लाकडी दार होतं. दारासमोर विहीर होती.

सगळं मंडळ खुर्च्या ओढत तिच्यामागे येऊन उभं राहिलं.

"फेऱ्या मार! तीन!" मामा ओरडले.

"अजिबात नाही! वर चढ, छपरावरून जा!" ताई ओरडल्या.

"दीड फेरी मार आणि अर्धं चढ," दंतवैद्य म्हणाले.

खाली रस्त्यावर बाबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आता, मुलांनो, आणि मुलांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या मोठ्या माणसांनो, खरं सांगा. खारूने काय करायला हवं, याबद्दल तुमचं मत तयार झालेलं आहे. कदाचित वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच झालं असेल. तुम्ही यातला एकही भाग खेळलेला नाही. खेळूही शकत नाही, कारण कंदीलकुमार नावाचा खेळ जगात नाही. तो मी आत्ता, तुमच्यासमोर बनवला. तरीही हरकत नाही. मंडळाला अशीच निखळ मतं हवी असतात. सोफ्यावर जरा दाटी आहे, पण समोर एक खुर्ची रिकामी आहे. बसा.

खारूने कंट्रोलर मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांमधून वाट काढली, आणि ती पाणी प्यायला गेली.