बादलीभर पुरावा

पूर ओसरल्यावर नागरिकांनी आपापल्या घरी सुखरूप परतावे, असा आदेश निघाला. परतण्यासाठी दाखला लागेल, हे खाली बारीक अक्षरात होते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांची उभी हयात बारीकसारीक बघण्यात गेलेली, पण नेमका चष्माच चिखलात रुतला होता.

त्यांची आई आठ दिवस शाळेतल्या छावणीत, दुसरीच्या वर्गात, दोन बाकं जोडून झोपत होती. "मला माझ्या पलंगावर आडवं व्हायचंय रे," एवढंच तिचं मागणं. मग काय, नवरा-बायकोने कंबर कसली. तीन दिवस फावडी, खराटे आणि फिनेल. घर असं लख्ख झालं, की तसं त्यांच्या लग्नातसुद्धा नव्हतं.

दाखल्यासाठी घर तपासायला तपासनीस साहेब आले. फरशी बघून त्यांचा चेहराच पडला.

"चिखल कुठाय?"

"काढला की, साहेब."

"कुणाला विचारून? चिखल नाही, म्हणजे पूर आला नाही. पूर आला नाही, म्हणजे तुम्ही घर सोडलं नाही. जे सोडलंच नाही, तिथे परतायचा दाखला कसा देऊ?"

"बरं, मग आईला नुसतीच आणतो."

"दाखल्याशिवाय?" साहेब दचकलेच.

शेजारच्या शिंपिणीने अजून झाडूला हात लावला नव्हता. तिने मोठ्या मनाने चार घमेली चिखल उसना दिला. "परत करायची घाई नाही हं, वहिनी!" तो पसरताना बायकोला रडू कोसळलं. "अहो, गुडघे फुटेस्तोवर घासलंय हो मी!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंचनामा केला. पूर सिद्ध झाला. लगेच खालच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : घरात चिखल, राहण्यास अयोग्य.

घड्याळवाल्यांचं टाळकंच सटकलं. बायको मात्र आता रडायच्या पलीकडे गेली होती. "साहेब, दोन तास बसा." तिने सगळा चिखल ओढून बाहेर टाकला, त्यातला बादलीभर राखला, फरशी पुसली आणि बादली दाराआड ठेवली. "हा बघा, घरात चिखल आहे. आणि घर स्वच्छ आहे. लिहा दोन्ही!"

साहेबांनी नियमावली चाळली. बादलीचा उल्लेख कुठेच नव्हता, म्हणजे मनाईही नव्हती. दाखला मिळाला. वर अट पडली : वार्षिक तपासणीपर्यंत बादली हलवू नये, पुरावा वाळू देऊ नये.

आई एकदाची पलंगावर आडवी झाली. "शाळेतला पंखा बरा होता," म्हणाली आणि घोरू लागली. ते घोरणं ऐकून नवरा-बायको खुळ्यासारखी हसत बसली.

बादलीला मात्र, अट काहीही असो, एका जागी बसायला सवड नाही. गल्लीत ज्या घरी साहेब जाणार असतील, तिथे ती आधी पोचते. साहेबही आता तिला ओळखतात. नव्या घरी दिसली, की "छान, ताजा आहे," म्हणून सही ठोकतात. बायको रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालते.

हसा, खुशाल हसा. पण कचेरीत मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी तुम्ही जी धावपळ करता, ती आम्ही पाहिलीय. तेव्हा तुमची बादली कुठल्या दाराआड असते, तेवढं सांगा.