घराची लोकसंख्या : तीन

सरासरीरावांनी रविवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं, की आपलं घर हा एक देश समजायचा. एवढंच. पुढं जे झालं त्याला ते एकटेच जबाबदार आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सरासरीराव हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. आकडेवारीच्या खात्यात कारकून होते. जगातल्या झाडून सगळ्या देशांचे तक्ते करायचे: लोकसंख्या, साक्षरता, आयुर्मान, दर हजार माणसांमागे डॉक्टर किती. कुठल्या देशात किती घरांत नळ आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. "आणि स्वतःच्या घरातला नळ तीन आठवडे गळतोय, त्याचा पत्ता नाही!" असं त्यांची बायको शनिवारी म्हणाली. ती नर्स होती. टोचायचं कुठं, हे तिला बरोबर कळायचं.

टोचलं. मग घराचं रीतसर सर्वेक्षण करायचं आणि प्रगत देशांच्या यादीत आपण कुठं बसतो ते बायकोच्या नाकावर टिच्चून दाखवायचं, असं ठरलं. ऑफिसातला फॉर्म त्यांनी स्वच्छ अक्षरात, शब्दन् शब्द उतरवला. तीन प्रती केल्या. एक बायकोला, एक मुलीला, एक आईला.

"आपापल्या खोलीत बसून भरायचा," ते म्हणाले. "एकमेकींना विचारायचं नाही."

"पेन्सिलनं चालेल का रे?" आईनं विचारलं.

"चालेल. पण खरं लिही."

दुपारी तिन्ही फॉर्म जेवणाच्या टेबलावर पालथे पडलेले होते. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि घरात चिडीचूप होतं. सरासरीरावांनी पहिला फॉर्म उलटला. बायकोचा. 'घरात एकूण माणसं : ३.' घाईत चुकली असेल, असं म्हणून ते गालात हसले. दुसरा उलटला. मुलीचा. तीन. तिसरा उलटला. आईच्या थरथरत्या अक्षरात तोच आकडा होता.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकानं चूक केली तर ती चूक असते. पण तीन वेगवेगळ्या नोंदी जुळल्या, की त्यांच्या खात्यात त्याला वस्तुस्थिती म्हणतात.

घरात माणसं चार. मग त्यातलं कोण नाही? ते पावलं न वाजवता उठले. आई खाटेवर बसून वाटाणे सोलत होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिची सावली भिंतीवर व्यवस्थित हलत होती. मुलगी कानात गाण्याचं यंत्र घालून मान डोलवत होती. तिघी अगदी ठणठणीत. उरलं कोण, हे गणित बालवाडीतल्या पोरालाही सुटलं असतं.

"चहा घेणार का गं?" त्यांनी मुलीच्या दारात उभं राहून विचारलं. तिनं मानही वर केली नाही. (कानातल्या यंत्रामुळे, असं तुम्ही म्हणाल. भ्यालेल्या माणसाला असली कारणं सुचत नाहीत.) आईच्या दारात गेले, तर तिनं वाटाण्यांवरून नजर उचलली, थेट त्यांच्या आरपार पाहिलं आणि म्हणाली, "कोण आहे?" मग स्वतःच म्हणाली, "वारा असेल." तिचा चष्मा खिडकीत होता, तो सरासरीरावांना दिसला नाही.

ते बैठकीच्या कोपऱ्यात, पडद्याशेजारी जाऊन गप्प उभे राहिले. घड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत घेऊन बायको तिथून गेली. जाता जाता तिनं कोपरानं बटण दाबलं. "रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळायचा," ती पुटपुटली, आणि खोलीत अंधार झाला.

ते टेबलाशी येऊन बसले आणि हाताला चाळा म्हणून सगळ्या आकड्यांना तीननं भागू लागले. दरडोई खुर्च्या वाढल्या. दरडोई जागा वाढली. न्हाणीघरासमोरची रांग जवळजवळ संपली. पगाराची तेवढी अडचण होती, पण तो परस्पर बँकेत यायचा. 'बाहेरून येणारी मदत' या रकान्यात तो चपखल बसला. देश एकदम एकतीस क्रमांकांनी वर गेला. त्यांच्यावाचून घराचा विकास झाला होता! डोळ्यांत पाणी आलं. आपण असलो काय, नसलो काय, इथं कुणाचं काही अडत नाही, हे आयुष्यात प्रथमच त्यांना आकड्यांत दिसलं.

डोळे पुसायला म्हणून त्यांनी फॉर्म बाजूला सरकवला, आणि तळाशी त्यांच्याच हातची बारीक ओळ दिसली. 'सूचना ७ : माहिती गोळा करणारा दारात उभा असला तरी तो त्या घराचा सदस्य नव्हे. त्यास मोजू नये.'

ते उडालेच. शब्दन् शब्द उतरवला होता ना! ते फॉर्म घेऊन धावत स्वयंपाकघरात गेले. बायकोच्या हातून डबा सुटला.

"अहो! केवढी दचकले मी! तुम्ही घरात आहात?"

"आहे! आहे!" सरासरीराव ओरडले. "तुम्ही मला मोजलं नाहीत, ते सूचना क्रमांक सातमुळे ना?"

बायकोनं फॉर्म हातात घेऊन लांब धरला. "इथं खाली काहीतरी लिहिलंय, तू वाचलं होतंस?" तिनं मुलीला हाक मारून विचारलं.

"खालचं कोण वाचतं, आई!"

"मला तर वरचंही धड दिसलं नाही," आतून आजी म्हणाली. "किती माणसं, एवढं दिसलं. मोजली आणि लिहिली."

सरासरीराव मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बघून बायकोला दया आली. "राहून गेलं हो," ती हळू म्हणाली. "आत्ता दुरुस्त करते." तिनं खोडरबर आणून तीनचा चार केला. सरासरीरावांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. फॉर्म पुन्हा ओढून तिनं आणखी एका रकान्यातलं शून्य खोडलं आणि तिथं ठळक एक लिहिला.

तो रकाना होता, 'इतरांवर अवलंबून असलेल्या व्यक्ती'.