केंजोजी नावाड्याचा पेटारा

श्रीगजवदनास नमस्कार, आणि पडद्यामागे तेवणाऱ्या दिव्यास दुसरा नमस्कार. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका राज्यात (नाव सांगण्याची आज्ञा नाही) मोठे राजकारण उभे राहिले, त्याची हकीकत ऐसीजे. थोरले महाराज निळकंठराव यांनी गादी पुत्रास देऊन विश्रांती घेतली होती. दृष्टी अधू जाहली, रंग तेवढे दिसत, अक्षर दिसेना. मग त्यांच्या सूनबाई मैनाबाईसाहेब यांनी त्यांस ॲनिमेचा, म्हणजे जपानदेशीच्या हलत्या चित्रांच्या कथेचा, नाद लाविला. रोज दिवेलागणीस सासरे-सून पडद्यासमोर बसत, पात्रे आपल्या जपानीत बोलत, तळाशी इंग्रजी सबटायटल उमटत, आणि बाईसाहेब ती वाचोन लागलीच मराठीत सांगत. कथेत युमी नावाची तलवारबहाद्दर पोर आणि तिला सांभाळणारा म्हातारा नावाडी केंजो. महाराजांस नावाड्याचा फार लळा. गुडघा त्याचाही धरलेला, चहा त्यालाही गोडच लागे, म्हणोन महाराज त्यास केंजोजी म्हणत आणि तो आला की सावरून बसत.

मग अकरावे भागी महापूर आला आणि केंजोजी गाव वाचविता वाचविता बुडाला. महाराज नुकते मोठ्या तापातून उठले होते. बाईसाहेबांची जीभ रेटेना. त्यांनी वाचिले, "केंजोजी पोहत पैलतीरी लागले, आणि तेथून परस्पर तीर्थयात्रेस गेले." एक थाप मारिली म्हणजे तिला राखावयास दहा माराव्या लागतात. पुढे युमी रडे तेव्हा महाराज पुसत, "पोर का रडते?" बाईसाहेब म्हणत, "कांदा चिरते आहे, मामंजी." "रानात?" "त्या देशी रानातच चिरतात." ऐसे करोन नावाडी जिवंत ठेविला.

आणि ज्या ॲपवाल्यांस दरमहा चौथाई भरोन ही कथा पाहात, त्यांनी डांगोरा पिटिला की पौषापासोन कथा काढोन घेणार. तेव्हा गादीवरचे महाराज रायाजीराव राणीस बोलिले, "भाड्याच्या विहिरीचे असेच. आबासाहेबांसाठी सबंध बॉक्स सेट, म्हणजे तबकड्यांचा पेटाराच, विकत घेऊ. त्यास मराठी डबिंग आहे. पात्रेच मराठी बोलतील, तुमचा घसा वाचेल." बाईसाहेबांनी मनाशी हिशेब मांडिला. घसा वाचेल, परंतु केंजोजी मरेल आणि सासऱ्यांपुढे आपण लबाड ठरू. त्याहून मोठे दुःख हे की दिवेलागणीची आपली बैठक उठेल. उघड बोलवेना, म्हणोन त्यांनी पेटाऱ्यावर मोहीम मांडिली. म्हणाल्या, पेटारा महाग. रायाजीराव म्हणाले, बाप त्याहून महाग. म्हणाल्या, तबकड्यांस चरे पडतात. म्हणाले, जपू. म्हणाल्या, आत चित्रांची पोथी आणि युमीची वीतभर बाहुली, ही तर पोरांची खेळणी. तेव्हा थोरले महाराज कोपऱ्यातून बोलिले, "बाहुली असेल तर बघू." आपल्याच गोटातला मोहरा फितूर जाहला, उपाय खुंटला.

मग सौदागर दामोदरशेट पेटारा घेऊन दरबारी हजर जाहले. थोरल्या महाराजांनी पत्र्याचा डबा चाचपिला, बाहुलीच्या तलवारीवरून बोट फिरविले, आणि वानगी मागितली. बाईसाहेब घाईने म्हणाल्या, "पहिली तबकडी लावा." शेट म्हणाले, "छे, बाईसाहेब, खरा माल महापुरात आहे. दगडालाही रडू फुटतं." आणि महापुराचीच तबकडी लाविली. पूर आला, नाव उलटली, आणि युमी चोख मराठीत ओरडली, "बाबा बुडाले! केंजोबाबा गेले!" बाईसाहेबांनी महाराजांचे पाय धरिले. "मामंजी, मी खोटं वाचलं. तुम्ही तापातून उठला होतात, मला बोलवेना." महाराज हसोन बोलिले, "सूनबाई, आम्हांस दिसत नाही, पण ऐकू येतं. तीर्थास निघालेल्या माणसासाठी कोणाचा गळा असा दाटतो? त्याच सांजेला ओळखलं." "मग बोलला नाहीत?" "तुम्ही एवढ्या खटपटीने त्यास वाचविलेत, आम्ही कोण मारणार? आणि कांद्याची गंमत गेली असती."

मग निवाडा सांगितला. "पेटारा घेण्याजोगा आहे. माल खरा, बाहुली सुबक, आणि उद्या कोणी काढोन नेणार नाही. डबिंगची पोर बोलते झकास, परंतु तिला आमचा ताप ठाऊक नाही. सबब मूळ जपानीत लावावा आणि सूनबाईंनी वाचावा." रायाजीरावांनी मान डोलाविली, शेटजींस पानसुपारी जाहली, आणि बाईसाहेब पदराआड रडल्या. पौषात कथा पहिल्यापासोन लागली. महापुराचा भाग आला तेव्हा बाईसाहेब थबकल्या. महाराज म्हणाले, "वाचा." त्यांनी वाचिले, "केंजोजी पैलतीरी लागले." युमी रडो लागली. महाराज म्हणाले, "कांदा यंदा फारच तिखट निघाला," आणि उपरण्याने आपले डोळे पुसिले.

येणेप्रमाणे पेटाऱ्याचा निकाल जाहला तो लिहिला आहे. सारांश, बॉक्स सेट घ्यावा. नावाडी इतर राज्यांत बुडाला असेल. या राज्यात तो अद्यापि तीर्थास आहे, आणि खुशाल आहे.