उत्तर न देणारी चादर

विरेशनं आपल्या दोस्ताला, बसूला, छातीठोकपणे सांगितलं होतं, "ह्या वेळी नकार यायला जागाच ठेवली न्हाई."

विरेश अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाइनर होता. माणसं प्रेमात पडली की चिठ्ठ्या लिहितात, गडी पेटला तर कविता करतो. विरेशनं चादर विणली. निळ्या रंगाची, मधोमध दोन मोर, आणि किनारीत जिथं कारखान्याचं नाव येतं तिथं ठळक अक्षरात 'भुवनेश्वरी – विरेश'. ही भुवनेश्वरी सात रस्त्याच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची. संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या निमित्तानं त्यानं तिच्या हातात पिशवी ठेवली आणि म्हणाला, "घरी जाऊन उघडा."

ती म्हणाली, "बरं की."

झालं. त्यानंतर काहीच नाही. पासबुक भरायला गेला की ती पासबुक भरून द्यायची, हसायची आणि पुढच्याला बोलवायची. 'होय' नाही, 'नाही'ही नाही. विचारावं तर तोंडावर नकार यायचा, आणि नकार आला की काउंटरवर जायला तोंड उरायचं नाही. त्यापेक्षा आशेवर असलेलं बरं, म्हणून विरेश गप्प राहिला. जेवण मात्र निम्म्यावर आलं.

उन्हाळ्यात त्याच्या मामाच्या घराची वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर मामीनं भाच्यांना आहेर केला. विरेशच्या मांडीवर चादरीची पिशवी आली. त्यानं सहज बटण उघडून किनार बघितली आणि घशातला विडा तिथंच अडकला. 'भुवनेश्वरी – विरेश'. पिशवीवर लाल बोट उमटलेलं होतं.

"मामी, ही कुणी दिली?"

"आहेर आला, आहेर गेला. कोण ध्यानात ठेवतंय? का, रंग आवडला न्हाई व्हय?"

मामीचा आणि भुवनेश्वरीचा काडीचा संबंध नव्हता. मग चादर चालत आली का? विरेशनं ती कुणाला दिसू न देता बटण लावलं आणि त्याच आठवड्यात मंगळवेढ्याच्या एका लांबच्या पाहुण्याच्या लग्नात देऊन टाकली. येताना एसटीत त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

पावसाळा संपत आला होता. एकदा तिन्हीसांजेला कारखान्यात लाइट गेली. दिवसभर कान फोडणारे माग एकाच वेळी थांबले, आणि त्या शांततेत पत्र्यावरून कुणीतरी हळूहळू चालल्यासारखा आवाज यायला लागला. कबुतरं असतील, असं स्वतःला सांगत विरेश आपल्या खोलीत आला. टेबलावर पिशवी होती. आता तिच्यावर बोटंच बोटं होती. काही ताजी लाल, काही वाळून काळपट पडलेली, जणू पिशवी हातातून सुटू नये म्हणून कुणीतरी घट्ट धरून ठेवली होती. ते कुंकू आहे हे त्याच्या डोक्याला कळत होतं, पाठीच्या कण्याला कळत नव्हतं. मोबाइलच्या उजेडात त्यानं किनार उघडली. दोन्ही नावं जागच्या जागी होती. मोरांचे डोळे त्याच्याकडंच बघत होते.

"आवडली का?" दारातून आवाज आला. विरेश खुर्चीसकट मागं गेला. दारात मालक चनबसप्पा उभे होते. "मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्यांनी सत्कार केला, त्यात आली. म्हटलं, मी काय करू चादरीचं? तुला राहू दे, पोरगं चांगलं काम करतंय."

घरी आल्यावर त्यानं सगळं आईला सांगितलं. निंगव्वा डोळे मोठे करून ऐकत होती. तिनं मीठ-मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. दोघंही ठसका लागायची वाट बघत बसले. मिरच्या जळून गेल्या, वास म्हणून आला नाही.

"लई जबर हाय," निंगव्वा कुजबुजली. "भानामतीच ही. तिनं तोंडानं 'न्हाई' म्हटलं न्हाई, म्हणून ते 'न्हाई'च तुज्या मागं लागलंय. जिची हाय तिला नेऊन दे. येताना मागं बगू नको."

दुसऱ्या दिवशी पतसंस्था बंद व्हायच्या वेळी विरेश काउंटरसमोर उभा राहिला. बाकीचे गेले होते. एकच ट्यूबलाइट फडफडत होती. भुवनेश्वरीनं पिशवी बघितली.

"अगोबाई, ही तर आमची. आईनं कुणाच्या तरी बारशाला दिली होती. तुमच्याकडं कशी?"

"उघडली न्हवती तुम्ही?" विरेशचा आवाज चिरकला.

"चादर हाय हे दिसत होतं की. सोलापुरात चादरीची पिशवी कोण उघडतंय? हळदी-कुंकवाचं बोट लावायचं आन पुढं द्यायची."

म्हणजे एवढे दिवस तो जे भोगत होता तो नकार नव्हताच. भूतही नव्हतं. तो म्हणाला, "आता उघडा."

तिनं चादर काउंटरवर पसरली. किनार वाचली. भिंतीवर पाल चुकचुकली. अक्षरांवरून बोट फिरवत तिनं ती पुन्हा एकदा वाचली, आणि विरेशला वाटलं, भुताचं बरं होतं.

"लई मन लावून विणलीय," ती शेवटी म्हणाली. "पण विरेशअण्णा, माझं ठरलंय. शिवानंद म्हणून हायत, पंढरपूरला शिक्षक. आन खरं सांगू? ठरलं नसतं तरी न्हाईच म्हटलं असतं. तुम्ही चांगले हायसा, पण मला तसं काही वाटलं न्हाई."

अण्णा म्हटल्यावर पुढचं ऐकायची गरजच नव्हती. तरी त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "चादर?"

"राहू द्या. आता ही फिरणार न्हाई."

तो मागं न बघता बाहेर पडला. मागं बघायचं फार मनात होतं.

लग्नाला तो गेला. न जावं तर बसू जन्मभर चिडवणार. जेवून हात पुसतोय तोवर भुवनेश्वरीची आई, सोनाबाई, समोर आली आणि तिनं त्याच्या हातात आहेर ठेवला. बोटाबोटांनी माखलेली पिशवी. भरउन्हात त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं स्टेजकडं बघितलं. भुवनेश्वरीनं लांबूनच, पिशवी उघडा, अशी खूण केली.

त्यानं तिथंच उघडली. किनारीत 'भुवनेश्वरी'वर निळ्या कापडाचं ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी, मन लावून शिवलेलं. शेजारी 'विरेश' तसाच होता. ठिगळ मात्र कोरं सोडलं होतं, पुढं कुणाचं नाव यायचं असेल तर.

घरी त्यानं पिशवी ठेवली तशी निंगव्वानं तिला हळद-कुंकवाचं बोट लावलं. पुढच्या सोमवारी शेजारच्या जगदेवीच्या नातवाचं जावळ होतं.

"अव्वा, ही द्यायची न्हाई," विरेश म्हणाला. "ही मी पांघरणार हाय."

निंगव्वानं आधी चादरीकडं बघितलं, मग पोराकडं. आता तिला खरंच भीती वाटली असावी, कारण तिनं पुन्हा मिरच्यांचा डबा काढला.

"नवीकोरी चादर," ती म्हणाली, "आन पांघरायला?"